पितळेच्या दोन पट्ट्या

तिला टेस्टर हे नाव वडिलांनीच ठेवलं. लहानपणी ती नको तिथं नाक खुपसायची आणि काही सापडलं की तिचे डोळे लकाकायचे, म्हणून. टेस्टर म्हणजे वायरमनच्या खिशातला तो बारका स्क्रू-ड्रायव्हर, ज्याच्या मुठीत इवलासा दिवा असतो. टोक करंटला लागलं की तो दिवा उजळतो. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते दाखल्यापुरतंच उरलं. गल्लीला ती टेस्टर म्हणूनच ठाऊक होती, आणि पस्तिशी उलटली तरी टेस्टरच राहिली.

बाबा वायरमन. गल्ली त्यांना पाठीमागे फ्यूजकाका म्हणायची, कारण जरा काही झालं की उडायचे. मात्र उडायचे तसे घटकाभरात ताळ्यावरही यायचे, आणि मग ज्याच्यावर उडाले त्याच्याच घरचा पंखा फुकट दुरुस्त करून द्यायचे. पोरीला त्यांनी गोष्टी सांगितल्या नाहीत, करंट सांगितला. इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. तळमजल्यावरच्या नळाला पाणी धो धो यायचं आणि वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं बादली लावून देवाचा धावा करत बसायची. ते दाखवून बाबा म्हणायचे, "व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची. टाकी जितकी वर, तितका खालच्या नळाला जोर. आणि नळातून जे वाहतं तो करंट. आता नळातच क्षार साचले तर? टाकी आभाळाला टेकव, धार बारीकच येणार. त्या अडथळ्याला रोध म्हणायचं."

एकदा त्यांनी फळीवर दोन बल्ब एकापुढे एक जोडले आणि स्विचवर बोट ठेवून विचारलं, "करंट आधी या बल्बातून जाणार, मग त्यातून. कुठला जास्त उजळेल?"

"पहिला," ती ठामपणे म्हणाली. "दुसऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं."

बाबांनी स्विच दाबला. दोन्ही बल्ब अगदी सारखे लागले. सारखेच मरगळलेले.

"करंट म्हणजे काय चहा आहे, मधल्या मधे कुणी पिऊन टाकायला?" बाबा हसले. "जेवढा निघतो तेवढाच परत येतो. घरी परतायची वाट पुरी असली तरच निघतो, आणि वाट कुठंही तुटली तर मुळात निघतच नाही." त्यांनी एक बल्ब होल्डरमधून काढला आणि दुसराही गप्प झाला. टेस्टरला ते इतकं अन्यायाचं वाटलं की ती रुसून बसली. दुसऱ्यानं काय घोडं मारलं होतं?

पुढं आई आजारी पडली, आईचं करता करता टेस्टरचं लग्नाचं वय सरलं, आई गेली, दादा नोकरीसाठी दूर गेला आणि तिकडचाच झाला. मग एक दिवस बाबा शिडीवरून पडले. करंटनं आयुष्यभर त्यांना सोडलं होतं. एका साध्या लाकडी शिडीनं मात्र धरलं. कमरेखाली सगळं गेलं. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आतल्या खोलीत बाबांची खाट, बाहेर स्वयंपाकघर आणि दाराशी चिंचोळा बोळ, एवढ्यात दोघांचा संसार आला.

बाबांच्या उशाला बेलचं बटण होतं, बेल स्वयंपाकघरात. एक लांब घंटा म्हणजे निकड, दोन आखूड म्हणजे चहा. बाकीच्या घंटांचा अर्थ ज्याचा त्यानं लावायचा. पंखा वाढव, पंखा कमी कर, माशी आहे, मघाची माशी गेली, कसला वास येतोय, वास का येत नाही. टेस्टरच्या कणकेचे हात दिवसातून इतक्यांदा धुतले जायचे की पोळ्यांपेक्षा साबणच जास्त खर्ची पडायचा. तरीही ते चाललं असतं. माणूस बेलची सवय करून घेतं.

पण एका दुपारी ती शिंप्याकडे गेली आणि तिथं खोळंबली. घरी आली तर बाबा खाटेखाली फरशीवर पडलेले. पाण्याच्या ग्लासपर्यंत हात पुरवायला गेले होते. बेलचं बटण वर, उशाशी. कितीतरी वेळ ते तसेच पडून होते, आणि कपडे ओले झाले होते. तिनं पुसलं, बदललं, उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "पितळेच्या दोन पट्ट्या आण. आणि बारकी वायर."

मग बाबा खाटेवरून सांगत गेले आणि टेस्टर करत गेली. दाराच्या चौकटीवर दोन पट्ट्या, एकीमागे एक, मधे फट. दार लागलं की ते पुढच्या पट्टीला दाबतं, ती मागचीला टेकते आणि वाट पुरी होते. बेलच्याच ट्रान्सफॉर्मरवरून, हात लागला तरी झिणझिण्या येणार नाहीत इतकं कमी व्होल्टेज घेतलं, आणि त्या वाटेवर बाबांच्या पायाशी भिंतीवर एक छोटा बल्ब लावला. दार बंद आहे तोवर दिवा चालू. दार उघडलं की दिवा बंद.

"उलटं करू या ना," ती म्हणाली होती. "दार उघडलं की लागेल असं. उगाच दिवसभर कशाला जाळायचा?"

"आणि वायर कुठं तुटली तर? दार सताड उघडं, दिवा बंद, आणि म्हातारा खुशाल पडलेला! नाही. चालूच राहू दे. काहीही बिघडलं तरी विझेल, म्हणजे मला कळेल. चालू दिवा खोटं बोलत नाही."

तिला पटलं, हेच तर वाईट झालं. काम म्हणून ते चोख होतं. तिनं स्क्रू आवळले, वायर खिळ्यांनी नीट बसवली, दार उघडझाप करून दाखवलं. आपल्याच हातानं आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय हे पक्कड खाली ठेवेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवसापासून घराचं दार तिचं राहिलं नाही. दार उघडलं की आत दिवा डोळा मिचकावायचा, आणि पाठोपाठ बेल.

"कोण आलं?"

"कुणी नाही, बाबा. कचरा बाहेर ठेवला."

"आत आलीस का?"

"मग बोलतेय कुठून?"

पहिल्यांदा वीज गेली तेव्हा तर बाबांनी इमारत डोक्यावर घेतली. टेस्टर शेजारी उभी राहून सांगतेय की मी इथंच आहे, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. मग त्यांनीच युक्ती काढली. दिवा विझला की आधी पंख्याकडे बघायचं. पंखाही थांबला असेल तर वीज गेली. पंखा फिरतोय आणि दिवा विझलाय, तर पोरगी गेली.

किराण्याला जायचं तरी आधी सांगायचं, किती वेळ ते सांगायचं, आणि आल्यावर उशीर का झाला ते सांगायचं. दादा रविवारी फोन करायचा. "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त," असं इतक्या मायेनं म्हणायचा की पुढं बोलायला जागाच उरायची नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून बापही साजराच दिसतो. टेस्टरला कधी कधी बाबांचा असा संताप यायचा की ती स्वयंपाकघरात भांडी आपटायची. आणि संताप आला की मागोमाग ती फरशी आठवायची, ते ओले कपडे आठवायचे. धड रागावताही येत नव्हतं. तिला आतून कोंडल्यासारखं व्हायचं, आणि कोंडणाऱ्याला नाव ठेवावं तर तो बिचारा स्वतःच खाटेला खिळलेला.

अशात बाबांच्या खोलीतला पंखा जळाला. उकाड्यानं जीव जायची पाळी आली तेव्हा बाबांनीच तिला मोटार वाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देणाऱ्या दुकानात धाडलं. दुकान दोन गल्ल्या मागं होतं. आत जळलेल्या मोटारींचे ढीग, व्हार्निशचा उग्र वास, आणि मधोमध स्टुलावर मालकीणबाई, कानामागे पेन्सिल खोचलेली. पंखा उघडल्यावर टेस्टर गप्प बसते थोडीच. तारेच्या वेढ्यांची कॉइल कुठं जळली ते तिनं वाकून बोटानं दाखवलं. बाईंनी तिच्या हाती तांब्याच्या तारेचं रीळ दिलं आणि म्हणाल्या, "बोट दाखवणं सोपं असतं. गुंडाळ बघू."

तिनं गुंडाळलं. वेढ्याला वेढा लागून, ना ढिला ना ताणलेला.

बाईंनी कॉइल उजेडात धरून फिरवून बघितली. "हात हलका आहे तुझा. मला पहिल्या तारखेपासून दिवसभर माणूस हवं आहे. तोवर दुपारी येऊन सराव कर. शेवटच्या शनिवारी हो की नाही ते सांग. ताटकळत ठेवू नकोस, दुसरी एकजण तयार आहे."

टेस्टर घरी आली ती जिना चढून नव्हे, तरंगत. आणि दाराशी येऊन तिच्या पायांना पुन्हा वजन आलं. बाबांना विचारायचं? ते नाही म्हणतील याची तिला भीती नव्हती. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते "जा की" म्हणतील, आणि मग दिवसभर त्या दिव्याकडे डोळे लावून पडून राहतील, याची भीती होती. तिनं विचारलंच नाही.

त्याऐवजी तिनं वायरचा एक तुकडा घेतला, दोन्ही टोकं सोलून लखलखीत केली. दुपारी जेवून बाबांचा डोळा लागला की तुकड्याचं एक टोक पुढच्या पट्टीच्या स्क्रूला, दुसरं मागच्या पट्टीच्या. करंटला आता पट्ट्यांची गरजच नाही. दार उघडं असो की बंद, तो या नव्या वाटेनं जाणार. आत जाऊन दिवा बघायचीही तिला गरज वाटली नाही. वाट पुरी आहे ना, मग दिवा चालूच असणार. तिनं दार अलगद उघडलं, अलगद लावलं, आणि चपला हातात घेऊन जिना उतरली. आपल्याच घरातून चोरासारखी.

दुकानात ती सगळं विसरायची. मोटारीच्या खाचांत कागद बसवायचा, कॉइल चेपायची, टोकं बांधायची, मग व्हार्निश. जळून काळी पडलेली वस्तू पुन्हा घरघर करत फिरायला लागली की तिला हसू आवरायचं नाही. सगळं विसरायची म्हटलं, पण ते खरं नाही. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी तिचा हात थबकायचा. अंगातली बेल काही बंद होत नव्हती.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे दाराचा तुकडा काढून पदरात लपवायचा, मग आत डोकवायचं.

"झोप लागली का, बाबा?"

"मेल्यासारखा झोपलो."

त्या वेळात बेल कधी वाजलीही नसणार, असं तिला वाटायचं, कारण ते नेहमी तसेच पडलेले असायचे, शांत. फक्त पाण्याचा ग्लास ठेवला होता तसाच भरलेला. "तहान नव्हती," बाबा म्हणायचे. हल्ली जेवतानाही पाणी नको म्हणायचे. पोट जड होतं म्हणे. म्हातारपणाच्या शंभर तक्रारी असतात, त्यातली ही एक समजून तिनं सोडून दिलं.

शुक्रवारी मात्र घोळ झाला. उद्या बाईंना उत्तर द्यायचं, ते काय द्यायचं या विचारात ती जिना चढत होती, तर वरून पाण्याचा आवाज. स्वयंपाकघरातला नळ चालू राहिला होता! ती धावत आत शिरली, दार मागं ढकललं, नळ बंद केला, ओट्याखालचं तळं पुसून काढलं. या गडबडीत दाराचा तुकडा तिथंच राहिला. चहा केला आणि कप घेऊन ती बाबांच्या खोलीत गेली.

खोली नेहमीची नव्हती. भिंतीवर औषधाच्या बाटलीची सावली पडली होती, काळी, रेखीव. तिथं सावली पडते हे तिला माहीतच नव्हतं. पायथ्याचा दिवा रोज पिवळट, पेंगुळलेला असायचा. आज तो पांढराशुभ्र जळत होता.

"व्होल्टेज वाढलंय वाटतं," ती चाचरत म्हणाली.

"पंख्याकडे बघ," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

पंखा रोजच्याच चालीनं फिरत होता.

"पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं," बाबा म्हणाले. "मग पंखा बघितला. टाकीची उंची तीच, आणि इकडे धार वाढलेली. म्हणजे नळातले क्षार गेले. त्या पट्ट्या काळ्या पडल्यात, मला ठाऊक होतं. दिवा रोज थोडा थोडा मंद होत होता. आता भर दुपारी, चोरपावलांनी पट्ट्या घासायला कोण येणार? म्हटलं, कुणीतरी पट्ट्यांना बगल दिली. चांगल्या स्वच्छ वायरनं दिली. टोकं नीट सोललेली दिसतात."

शेवटच्या वाक्यात त्यांना अभिमान लपवता आला नाही. टेस्टरनं हातातला कप खाली ठेवला. वायर लावलेली असताना ती कधी या खोलीत आलीच नव्हती. दिवा किती उजळतो ते बघणारा माणूस एकच होता.

"मग बेल का नाही वाजवलीत?"

"घरात ऐकायला कोण होतं?"

तिची नजर ग्लासाकडे गेली. काठोकाठ भरलेला. आणि मग तिला सगळं एकदमच कळलं, जेवतानाचं नको म्हणणं, जड होणारं पोट, सुकलेले ओठ.

"म्हणून तुम्ही पाणी..."

"प्यालं की जावं लागतं," बाबा भिंतीला म्हणाले. "जायचं तर तू लागतेस."

"एक शब्द बोलला नाहीत मला!"

"तू तरी कुठं विचारलंस?"

टेस्टर खाटेच्या कडेला बसली आणि रडली. पश्चात्तापानं नव्हे, अडकल्याच्या त्राग्यानं. ज्या दुपारी तिनं आपल्या म्हणून चोरून आणल्या होत्या, त्या इथं कुणीतरी कोरड्या घशानं भरून दिल्या होत्या. आधी निदान बेलवर चिडता तरी यायचं. आता या गप्प बेलवर कसं चिडायचं? ही गाठ आधीच्यापेक्षा घट्ट होती.

"उद्या मी बाईंना नाही सांगून टाकते," ती नाक पुसत म्हणाली.

"कुठल्या बाईंना?"

कुठं जाते हे त्यांना माहीतच नव्हतं. जाते आणि येते, एवढंच दिवा सांगायचा. मग तिनं सगळं सांगितलं, दुकान, कॉइल, पहिली तारीख. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तार तांब्याची वापरतात की ॲल्युमिनियमची?"

"तांब्याची."

"मग बरं दुकान आहे."

चहावर साय धरली.

"ते भांडं कुठं आहे?" बाबा एकाएकी म्हणाले.

लघवीचं भांडं. इस्पितळातून घरी आणलं त्याच दिवशी बाबांनी ते भिंतीवर फेकून मारलं होतं आणि पुन्हा समोर आणलंस तर याद राख म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून ते माळ्यावर होतं.

"माळ्यावर."

"काढ. धुऊन इथं ठेव, माझा हात पोचेल असं. आणि बटण उशाशी नको, मनगटाला बांध." हे बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिनंही नाही.

"आणि पडलात तर?"

"पडलो तर पडलो. घंटा जिन्यापर्यंत ऐकू जाते, आणि फरशी ओळखीची आहे." मग त्यांचा जुना आवाज परत आला. "आधी ती वायर काढ! आणि पट्ट्या पॉलिश पेपरनं घास. माझ्या दिव्याला खोटं बोलायला लावायचं नाही."

शनिवारी सकाळी तिनं पट्ट्या घासल्या. काळपट थर निघून पितळ चकाकलं, आणि वायरच्या तुकड्याशिवायच दिवा पांढरा लागला. भांडं खाटेच्या कडेला, बटण मनगटाला, ग्लास भरून हाताशी. मग ती "येते हं" म्हणाली आणि चपला घालून दाराशी गेली.

तिनं दार उघडलं. आत दिवा विझला असणार. ती उंबऱ्यावर उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. दार लावायला हात पुढं होईना. आत बाबा त्या विझलेल्या दिव्याकडे बघत असणार, आणि पंख्याकडे, आणि पुन्हा दिव्याकडे.

"दार लाव की गं!" आतून आवाज आला.

"लावते."

"बाहेरून!"

तिनं दार ओढलं. जिना उतरायला लागली. शेवटच्या पायरीवर पाय टेकला आणि वर बेल वाजली. एक लांब घंटा.

आलंच शेवटी, तिला वाटलं, सुटका नाही. दोन दोन पायऱ्या ओलांडत ती वर गेली, दार ढकललं, खोलीत शिरली.

बाबा उशाला टेकून बसले होते. हनुवटी ओली, सदरा ओला, आणि हातात उलटा धरलेला रिकामा ग्लास.

"सगळं प्यालो," ते म्हणाले. "जा आता. बाई खोळंबल्या असतील."

तिनं ग्लास त्यांच्या हातातून घेतला, पुन्हा भरून जागेवर ठेवला, आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.